खरं हाड कुठे, फायबर कुठे: कोलकाता, हैदराबाद आणि रैयोलीच्या डायनासोरांची पारख

निकाल आधीच सांगितलेला बरा, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची सक्ती नको. भारतात सापडलेला अजस्र डायनासोर मूळ हाडांनिशी उभा बघायचा असेल तर कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. तसाच सांगाडा जरा सोयीने, मुलाबाळांना घेऊन बघायचा तर हैदराबादचं बिर्ला विज्ञान संग्रहालय. आणि डायनासोरांनी जिथे अंडी घातली ती जमीन पायाखाली हवी असेल तर गुजरातमधलं रैयोली. या तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. हिरमोड होतो तो एका ठिकाणची अपेक्षा घेऊन दुसरीकडे गेल्यामुळे. रैयोलीला जाऊन 'सांगाडा कुठाय?' विचारणारे आणि कोलकात्याला जाऊन 'एवढंच?' म्हणणारे, दोघांचीही चूक तीच.

कुठेही जा, डोळ्यांना एक सवय लावून जा: समोरचं हाड मूळ आहे की साचा काढून ओतलेलं, हे हात न लावता ओळखायची. मूळ हाडाचा रंग कधीच एकसारखा नसतो. एकाच फासळीवर तपकिरी, करडा, विटकरी असे पट्टे दिसतात, कारण जमिनीतलं लोह आणि चुना हाडात जागोजागी वेगळा मुरलेला असतो. भेगा आडव्यातिडव्या असतात आणि त्यांत भरलेला डिंक किंवा प्लास्टर वेगळं उठून दिसतं. साच्यातल्या हाडाला एक बारीक उभी शिवण असते, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे. घासून रंग दिला तरी फासळीच्या आतल्या बाजूला ती सहसा राहून जाते. आणखी एक सोपी खूण म्हणजे लोखंड. दगड झालेलं हाड प्रचंड जड असतं आणि त्याला भोक पाडायची कुणाची छाती होत नाही. म्हणून मूळ हाडांच्या सांगाड्याला बाहेरून लोखंडी पट्ट्यांचा आधार असतो, हाड जणू कुशीत धरल्यासारखं. फायबरचं हाड हलकं, त्यात सळई आतूनच जाते. सांगाडा हवेत तरंगल्यासारखा सुबक दिसला की समजावं, ओतीव काम आहे. डावी-उजवी हाडं एकमेकांची हुबेहूब आरशातली प्रतिमा असली, किंवा लागोपाठचे चार मणके सारख्याच जागी तुटलेले दिसले, तरी तेच.

ओतीव म्हणजे खोटं, असं मात्र नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही पुष्कळदा ओतीव सांगाडे उभे असतात आणि मूळ हाडं अभ्यासासाठी कपाटात. तक्रार एवढीच की कुठलं काय आहे ते फलकावर लिहायला हवं.

आता कोलकाता. बारानगरला बी. टी. रोडवर संख्याशास्त्राची संस्था आहे आणि तिच्या आवारात भूशास्त्राचं संग्रहालय. संख्याशास्त्रवाल्यांकडे डायनासोर कसा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० च्या दशकात तिथे भूशास्त्राचा विभाग काढला आणि लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्या विभागाच्या लोकांनी प्राणहिता-गोदावरीचं खोरं पिंजून काढलं. १९६१ मध्ये तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पोचमपल्लीजवळ हाडांचा थर लागला. एकेक मांडीचं हाड १.७ मीटर, म्हणजे बहुतेक मराठी माणसांच्या उंचीहून अधिक. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. 'बारापा' म्हणजे बंगालीतला 'बड़ो पा', मोठा पाय. शास्त्रीय नामकरण १९७५ मध्ये झालं आणि १९७७ मध्ये सांगाडा उभा राहिला.

सुमारे ३०० हाडं, किमान सहा जनावरांची. त्यांतून एक सांगाडा. लांबी १४ मीटरच्या आसपास धरतात. हाडांबरोबर दगड झालेले झाडांचे मोठे बुंधेही सापडले, त्यामुळे अख्खा कळप पुरात वाहून आला असावा असा अंदाज आहे. या सांगाड्यापुढे उभं राहिल्यावर तीन जागा नीट बघाव्यात. पहिली, पाठीचे मणके: वरून भक्कम वाटतात, पण बाजूने बघितलं तर पातळ पाती आणि त्यांमध्ये खळगे. वजन कमी आणि ताकद तेवढीच, हा पुढच्या सगळ्या अजस्र डायनासोरांचा हिशेब इथे नुकता सुरू झालेला दिसतो. दुसरी, कंबर: चार मणके जुळून एकसंध झालेत. मागच्या पायांवर येणारा भार पेलायला ती जोडणी लागते. तिसरी, डोकं. ते सापडलेलंच नाही. चमच्याच्या आकाराचे, कडेला जाड दाते असलेले थोडे दात मिळाले, बाकी कवटी नातेवाईक जनावरांवरून बेतलेली. त्यामुळे चेहऱ्याचा फोटो काढण्यापेक्षा मांडीच्या हाडाचा काढा.

तोटा असा की हे पर्यटनस्थळ नाही, शिक्षणसंस्थेचं आवार आहे. दारावर जाऊन 'डायनासोर बघायचाय' म्हटलं तर पहारेकरी आत सोडेलच, असं गृहीत धरू नये. भूशास्त्र विभागाला आधी पत्र किंवा ई-मेल करावी, किती जण येणार आणि कधी ते कळवावं, कामाच्या दिवशी जावं. मेट्रोचं बारानगर स्थानक झाल्यापासून तिथवर पोचणं सोपं झालंय. सात-आठ वर्षांच्या मुलांना घेऊन जात असाल तर लक्षात घ्या, तिथे गुरगुरणारं काही नाही. पण ज्याला हाडाची भाषा वाचायची आहे त्याला दुसरं ठिकाण सांगता येणार नाही.

हैदराबादचा कोटासॉरस याचाच समकालीन. कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस, १९८८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरींनी नाव दिलेला. तोही आदिलाबादचा, त्याच थरातला, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या थराला 'कोटा' हे नाव ज्या गावावरून पडलं ते कोटा आहे आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी. गाव महाराष्ट्रातलं, सांगाडे नदीपलीकडचे, आणि बघायला जायचं हैदराबाद-कोलकात्याला! सिरोंचा तालुक्यातच वडधमला जीवाश्म उद्यान आहे, पण तिथलं मुख्य आकर्षण दगड झालेली झाडं. डायनासोर उभा बघायला म्हणून तिकडे जाऊ नये.

बिर्ला संग्रहालय नौबत पहाडवर, बिर्ला मंदिराला लागून. डायनासोरचं दालन २००० मध्ये सुरू झालं. टेकडीची चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी रिक्षा वरपर्यंत न्यावी. तारांगण आणि विज्ञान संग्रहालय एकाच आवारात आहेत, तेव्हा खिडकीवर नेमकं संग्रहालयाचं तिकीट मागा, नाहीतर तारे बघून परत याल. आठवड्याची सुटी आणि वेळा निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारणं उत्तम.

कोटासॉरस बघताना हे ध्यानात असू द्या: हा सांगाडा एका जनावराचा नाही. किमान बारा जनावरांची हाडं एकत्र पडलेली मिळाली. त्यांतून आकार जुळतील तशी निवडून एक जनावर उभं केलंय. अशा जोडसांगाड्यात लांबी हा नेहमीच थोडा अंदाजाचा मामला असतो; शेपटीत दोन मणके इकडे-तिकडे झाले की लांबी बदलते. अभ्यासक याची लांबी ९ मीटरच्या घरात धरतात, म्हणजे बारापासॉरसपेक्षा लहान. कवटी इथेही नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ मात्र जरूर बघा: एक छोटा उंचवटा आहे, जुन्या, दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजांकडून आलेला. पुढच्या अजस्र डायनासोरांत तो नाहीसा होतो. एका हाडावरच्या सुपारीएवढ्या गाठीवरून जनावर वंशावळीत कुठे बसतं ते ठरतं, आणि तेच इथे दोन हातांवरून दिसतं. पोरांना आणायचं असेल तर हे ठिकाण सगळ्यांत सोयीचं. डायनासोरला तासभर पुरतो, उरलेल्या वेळात बाकीची दालनं होतात.

आता रैयोली, आणि याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फसगत इथेच जास्त होते.

रैयोली हे गाव बालासिनोरजवळ, महिसागर जिल्ह्यात. अहमदाबादहून बालासिनोर सुमारे ९० किलोमीटर, पुढे गावापर्यंत थोडं आत. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर अहमदाबादहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. एसटीने बालासिनोर गाठलं तर पुढच्या रिक्षाचं जाणं-येणं दोन्ही आधीच ठरवून घ्या, परतीला वाहन मिळायची वाट बघत बसू नका. इथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत: संग्रहालय आणि जीवाश्म उद्यान. संग्रहालय जून २०१९ मध्ये उघडलं. त्याचा भर प्रतिकृती, पडदे, खेळ आणि फाइव्ह-डी चित्रपट यांवर. मुलं खूश होतात. मोठ्यांनी तिथे वेळ मोजून घालवावा आणि उरलेला उद्यानाला द्यावा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

उद्यानाचा वेळ ठरवताना सूर्य बघा. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर ऊन तिरकं असतं तेव्हा दगडातला उठाव दिसतो. बारा वाजता तेच हाड सपाट डाग होऊन बसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मे मध्ये उघड्या खडकावर तासभर उभं राहणं म्हणजे शिक्षा. टोपी, पाणी, बंद बूट एवढं हवंच. आणि स्थानिक मार्गदर्शक घ्याच. बालासिनोरच्या एके काळच्या नवाबांच्या, बाबी घराण्यातल्या आलिया सुल्ताना बाबी यांनी या जागेच्या जपणुकीसाठी बरीच वर्षं खटपट केली आहे, आणि माहीतगार माणूस सोबत असला की फरक लगेच कळतो. एकट्याने फिरणारा हाडांवर पाय देऊन जातो आणि बाहेर येऊन 'काही नाही तिथे' असं सांगतो.

अंडं कसं ओळखायचं? पूर्ण गोळा क्वचित दिसतो. दिसतं ते वर्तुळ, कारण खडक झिजून अंडं आडवं कापलं गेलेलं असतं. व्यास साधारण १५ ते २० सेंटीमीटर. त्या वर्तुळाची कड नीट बघा: एक-दोन मिलिमीटर जाडीची, आतल्या-बाहेरच्या दगडाहून वेगळ्या रंगाची रेघ गोल फिरलेली असते. ते कवच. आत बहुतेक वेळा बाहेरचाच वालुकामय चुनखडक भरलेला, कधी पांढरे स्फटिक. रेघ नसेल तर ती नुसती चुन्याची गाठ आहे, आणि अशा गाठी इथे पुष्कळ. कवचाचा सुटा तुकडा भिंगातून बघितला तर बाहेरची बाजू बारीक पुटकुळ्यांची दिसते, डिंकाच्या लाडवावरच्या खसखशीसारखी. दहापटीचं भिंग बरोबर ठेवलंत तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल.

हाड ओळखायला तुटलेली बाजू लागते. कडेला घट्ट, चकचकीत थर आणि आत स्पंजसारखी जाळी असेल तर हाड. लांब हाडाच्या मध्यभागी मोकळी पोकळी असेल तर ते बहुधा मांसाहारी डायनासोरचं. वनस्पतीवर जगणाऱ्या अजस्र जनावरांच्या पायाचं हाड आतून जाळीनेच भरलेलं असतं, कारण तेवढं ओझं पोकळ नळीवर पेलत नाही. खडकावर पाणी ओतलं की सगळं उठून दिसतं हे खरं, पण ओतू नका. ओलं-सुकं होण्याच्या फेऱ्यांनीच कवच सुटतं. आणि तुकडा खिशात घालू नका, अगदी नखाएवढाही. जीवाश्मांसाठीच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये निघाला, पण हा विषय कायद्याचा नंतर, आधी साध्या शहाणपणाचा आहे: जागेवरून उचललेल्या तुकड्याला शास्त्राच्या लेखी काडीची किंमत राहत नाही. तो कुठल्या थरातून, कशाच्या शेजारून आला हेच तर महत्त्वाचं असतं.

याचं उत्तम उदाहरण इथलाच राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी रैयोलीत हाडं काढली, आणि काढताना कुठलं हाड कुठे पडलं होतं याचा तपशीलवार नकाशा केला. पुढे जवळपास वीस वर्षांनी त्या नकाशाच्या आधारे भारतीय आणि अमेरिकी अभ्यासकांनी विखुरलेल्या हाडांतून एकाच जनावराचा भाग वेगळा काढला. २००३ मध्ये नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. नकाशा नसता तर ती नुसती पेटाऱ्यातली हाडं राहिली असती. कपाळावर एकच बुटकं शिंग ही त्याची ओळख. तो टी-रेक्सचा भाऊ वगैरे मुळीच नाही, मार्गदर्शक काहीही म्हणोत. त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात, कारण भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले ते सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. लांबीही आपल्याकडे उगाच फुगवतात. कवटी आणि शेपूट अर्धवट मिळाल्यामुळे आकडे बदलत गेले, अलीकडचा अंदाज ६.६ मीटरच्या आसपासचा आहे.

याच परिसरातल्या ढोली डुंगरीचा एक दगड तर कादंबरीला लाजवेल. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात तिथल्या घरट्यातली अंडी आणि पिल्लाची हाडं शोधली. २००१ मध्ये तोच दगड बघताना अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ विल्सन यांच्या लक्षात आलं की त्यातले काही मणके डायनासोरचे नाहीत, सापाचे आहेत. साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्धा मीटर लांबीचं पिल्लू, आणि वरून एकदम गाळ येऊन सगळं गाडलं गेलेलं. २०१० मध्ये त्या सापाला सनाजेह इंडिकस नाव मिळालं. रैयोलीला जायच्या आधी मुलांना ही हकिगत सांगून ठेवा, मग उद्यानातली वर्तुळं त्यांना निर्जीव वाटत नाहीत.

रैयोलीच्या दगडात आणि कोटाच्या दगडात ११ कोटींहून अधिक वर्षांचं अंतर आहे, ते विसरू नये. रैयोली, जबलपूर, धार, चंद्रपूर इथला थर लामेटा, अगदी डायनासोरयुगाच्या शेवटचा, ६.७ कोटी वर्षांच्या आसपासचा. धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदल्याचा निबंध २०२३ मध्ये आला तोही याच थरातला. या थरावर लगेच आपला काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट. महाराष्ट्रात डायनासोर कमी सापडतात याचं कारण ते इथे नव्हते असं नाही. बहुतेक महाराष्ट्रावर लाव्ह्याचे थरावर थर साचलेत, आणि लामेटा उघडा पडतो तो फक्त या पांघरुणाच्या काठाला, विदर्भात.

तिथे जे सापडलं ते थोडंथोडकं नाही. वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावला १९८० च्या दशकात एका अजस्र शाकाहारी डायनासोरचा सांगाडा निघाला. दंडाचं एकच हाड १४८ सेंटीमीटर. आज त्याला इसीसॉरस कोलबर्टी म्हणतात. यातला 'इसी' म्हणजे तीच आय. एस. आय., कोलकात्याची संस्था, कारण सांगाडा काढला त्यांनी आणि ठेवलाही त्यांनीच. जवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतं हा समज मोडीत निघाला. पण या दोन गावांना डायनासोर बघायला म्हणून गाडी काढू नका. टेकडी आणि शेतं आहेत, बघण्यासारखं मांडलेलं काही नाही. इसीसॉरससाठी कोलकात्याच्या संस्थेला पत्र लिहिताना 'डोंगरगावची हाडं बघता येतील का' असं त्यातच विचारून टाकावं.

आणि एक जनावर कुठेच बघायला मिळणार नाही, ते म्हणजे ब्रुहत्कायोसॉरस. तमिळनाडूत कल्लमेडूला सापडलेला, १९८० च्या दशकाच्या अखेरीस नोंदलेला. नडगीचं हाड दोन मीटर लांब असल्याची नोंद आहे. अर्जेंटिनाच्या प्रसिद्ध अर्जेंटिनोसॉरसचं नडगीला लागून असलेलं बारीक हाड १.५५ मीटर, यावरून अंदाज करा. ते हाड आता अस्तित्वात नाही. भुसभुशीत हाडं, त्यात तिथली ओली माती. त्यांचा भुगा झाला. अशा हाडाला जागेवरच पातळ डिंक पाजतात, वर ओला कागद चिकटवतात, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांचं कवच चढवतात आणि ते वाळल्यावरच खालची माती कापून सगळा गोळा उलटा करतात. कागद विसरला तर प्लास्टर हाडाला चिकटतं आणि काढताना सालपट घेऊन येतं. डिंक दाट झाला तर वरची कड घट्ट होते आणि आतलं पीठच राहतं. कोलकात्यात बारापासॉरसच्या हाडांवर भेगा बुजवलेल्या दिसतील तेव्हा नाक मुरडू नका. तेवढ्या भेगांवर निभावलंय.